हारूनची टॅपेट कव्हरं

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. गॅरेजच्या मागे जाऊन विडी ओढतो ते, डोकं फिरलं की पाना फेकतो ते, तिच्या भावाशी गोड का बोलतो तेसुद्धा. हे एक सोडून. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विसरवाडीचे नाही, म्हणून असेल. आमच्या नाक्यावर बोललो असतो तर एस.टी. नवापूरला पोचायच्या आत गोष्ट पोचली असती.

पण आधी हारूनबद्दल सांगू द्या. तो काय चीज आहे हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

हारून नंदुरबारचा. त्याचे बापजादे भांड्यांना कलई लावायचे. घरोघरी स्टील आलं आणि कलई गेली. हारूननं हातपाय गाळले नाहीत, अंगणात छोटीशी भट्टी घातली आणि ॲल्युमिनियम ओतायला लागला. पंपाचे भाग, पुल्या, इंजिनांची झाकणं. मी इंजिनवाला, तो धातूवाला — आमची मैत्री कामातूनच झाली, आणि टिकली ती त्याच्या स्वभावामुळे. माझ्या स्वभावावर टिकली असती असं मीही म्हणणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी खापरच्या एका शेठनं आपल्या आजोबांची परदेशी मोटार माझ्याकडे आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, चार एका अंगाला, चार दुसऱ्या अंगाला. त्यामुळे वरची झाकणंही दोन. आम्ही त्याला टॅपेट कव्हर म्हणतो. जुनी पत्र्याची होती, वाकलेली, सडलेली. तेल गळायचं आणि धूर व्हायचा. शेठच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. याच गाडीत बसून ती सासरी जाणार, आणि जाताना बॉनेट उघडून पाहुण्यांना इंजिन दाखवायचं, अशी शेठची हौस.

शेठनं सुरतेहून तयार कव्हरं आणली होती, चकचकीत, आरशासारखी. ती बघायला मी हारूनला बोलावलं. हारूननं एक हातात घेतलं, नखानं टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि परत दिलं.

“डबा शे हाऊ,” तो म्हणाला. नुसता डबा आहे हा, म्हणजे. शेठ हिरमुसला. म्हणाला, चमक तरी बघ. त्यावर हारून हसून म्हणतो, “शेठ, तुमले तोंड देखानं शे का इंजिन देखानं शे?”

मग त्यानं जे केलं ते मी जवळून पाहिलं. असं काम पाहायला नशीब लागतं, खरंच सांगतो. महामार्गावरच्या भंगारातून त्यानं ट्रकचे जुने पिस्टन निवडले, एकेक वाजवून. पातेल्यांचं ॲल्युमिनियम मऊ, ते बाजूला. सागाचा नमुना केला, तो मापापेक्षा जरासा मोठा, कारण धातू निवताना अंग चोरतो. वाळूचा साचा दाबताना तो बोलत नसे. धातू ओतताना तर श्वाससुद्धा घेत नसावा. साचा फोडल्यावर जी दोन झाकणं निघाली ती कशी दिसत होती म्हणून सांगू? भुरकट, खरबरीत. मी म्हटलं, हे कसलं रे? तो म्हणाला, आत शे ते अजून बाहेर यानं शे.

आणि ते आलं! आधी कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, बारीक, आणखी बारीक. प्रत्येक घासणी एकाच दिशेनं, गाडी ज्या दिशेनं धावते त्याच दिशेनं. झाकणांवर उठून आलेल्या उभ्या पट्ट्यांचे माथे उजळ, मधल्या खोबणीत काळा रंग. आरशासारखी चमक त्यानं मुद्दाम दिली नाही. बोट लागलं की आरसा घाण दिसतो, म्हणाला. त्या झाकणांवर एक शांत उजेड होता. पहाटे तापीच्या पाण्यावर असतो तसा. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं उघडली, पण एखाद्या झाकणावरून उगाचच हात फिरवत बसलो तो तेवढाच एकदा.

शेठ आला, कव्हरं बसवलेली पाहिली आणि नाक्यावरच्या ड्रायव्हर लोकांसमोर मोठ्यानं म्हणाला, “काम असं पाहिजे!” ते इंजिन नट-नट सुटं करून मी जोडलं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मला लागलं ते. लागायला नको होतं, पण लागलं.

गाडी चालवून पाहिली तर आतलं कॉर्कचं पॅकिंग तेल सोडत होतं. ती चूक माझी. मी घाईत बसवलं होतं. कव्हरं काढली. तेलानं माखली होती ती. आणि मग —

माझ्याकडे कॉस्टिक सोड्याचा ड्रम आहे, खाली शेगडी. लोखंडी भागांवरचं जळकं तेल त्यात सुटतं. ॲल्युमिनियम त्यात घालायचं नसतं. कॉस्टिक ते खातं. माझ्याकडे कुणीही शिकायला आलं तर मी पहिला धडा हाच देतो. तर मी, धडा देणारा, टोपलीत लोखंडी सामान भरलं, वर ती दोन कव्हरं ठेवली आणि टोपली ड्रममध्ये सोडली. सवयीच्या हातानं. तेवढ्यात रस्त्यावर एका ट्रकचा एक्सल तुटला म्हणून बोलावणं आलं, आणि मी गेलो. परत आलो तेव्हा ड्रमवर फेस चढला होता.

मुद्दाम केलं का? नाही. हे मला शपथेवर सांगता येईल. पण पुढचं नाही सांगता येणार.

कव्हरं काळी ठिक्कर पडली होती. पट्ट्यांच्या कडा खाल्लेल्या, इंजिनावर बसायची बाजू खड्ड्याखड्ड्यांची. मी ती पाण्यानं धुतली, वरून तेल फिरवलं, इंजिनावर परत ठेवली आणि शेठला नि हारूनला बोलावून घेतलं. विचार करून केलं हे सगळं. हारून कव्हरांकडे बघतच राहिला. मग मला विचारलं, “काही लावं व्हतं का तू?”

मी म्हटलं, “डिझेलना बोळा फिरावा व्हता. बाकी काहीच नही.” आणि शेठकडे वळून म्हणालो, गरम तेल लागलं की भेसळीचा धातू असाच काळा पडतो. नाचता येईना, अंगण वाकडं! आणि अंगण कुणाचं? हारूनचं.

तो भांडला असता तर? मी कदाचित कबूल केलं असतं. कदाचित. पण माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. त्यानं स्वतःवर घेतला. “एक पिस्टनवर मन्हा मनमा शंका व्हती,” तो शेठला म्हणाला. “माल मन्हा शे, चूक बी मन्हीच.” कुठल्याच पिस्टनमध्ये काही नव्हतं हो.

लग्नात गाडी गेली ती सुरतेचे डबे लावून. शेठनं तालुकाभर सांगितलं की हारूनचा माल काळा पडतो. पण हारूननं भट्टी मोडली ती शेठच्या बोलण्यानं नाही. माझ्या बोलण्यानं मोडली. ज्याच्या कानाला धातू कळायचा, त्याचा कानावरचा भरवसा मी उडवला. आता भट्टीच्या जागी त्याच्या बायकोनं पाण्याचे माठ मांडलेत. तो दुसऱ्यांच्या ओतीव मालाला पॉलिश मारतो, तेही असं की बघत राहावं.

मागच्या महिन्यात एका जुन्या जीपसाठी कव्हरं हवी होती. मी त्याच्या पॉलिशच्या दुकानात गेलो. काय तोंडानं गेलो? रोजच्याच. तो म्हणाला, “ओतकाम मी सोडी दिनं. तुले म्हाईत शे ना?” मग त्यानं पॉलिशच्या फडक्यांवर वजन म्हणून ठेवलेला एक ॲल्युमिनियमचा गोळा उचलून माझ्या हातात दिला. कव्हरं ओतताना उरलेला धातू. लख्ख होता, अजून.

“एकच भट्टीनं शे,” तो म्हणाला. “हाई चांगलं ऱ्हायनं आन ती काळी पडनीत. कसं काय रे?”

इतकी वर्षं तो हे कोडं सोडवत बसला होता, आणि उत्तर विचारत होता मलाच. दुकानात आम्ही दोघंच होतो.

“नशीब रे,” मी म्हटलं. “दुसरं काय.”

त्यानं मान हलवली. माझ्या तेलकट बोटांचे ठसे गोळ्यावर उमटले होते. ते त्यानं फडक्यानं नीट पुसले, एकाच दिशेनं, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.