शिकलगारमामांचे आठ दिवस

सीलबंद नमुन्याची पिशवी मी फोडली. हे एवढं वाक्य बोलायला मला पाच पावसाळे लागले. ज्यांना ते सर्वांत आधी सांगायला हवं होतं ते शिकलगारमामा पुलापलीकडे, स्कूटरवरून वीस मिनिटांवर राहत होते. तेव्हा अंतराची सबबही मला नाही.

पुलाच्या अलीकडे आमची नगरपंचायत, सातारा जिल्ह्याचं शेवटचं टोक. पलीकडे त्यांची, तिथून सांगली जिल्हा सुरू. मी आमच्याकडचा भांडारलिपिक, मामा तिकडचे भांडारपाल. खराट्यापासून रस्त्यावरच्या दिव्यापर्यंत पालिकेचा सगळा माल आमच्या सहीने आत येतो. मी सही करताना फार तर खोकं उघडून पाहत असे. मामांचा नियम वेगळा होता. कोणतीही वस्तू आली की ते पुरवठादाराला शांतपणे म्हणत, "ठेवून जावा. आठ दिस वापरून बघतो." आणि खरोखर आठ दिवस ती स्वतः वापरत.

सफाई कामगारांसाठी रेनकोट आले तेव्हा भर एप्रिल होता. मामांनी रेनकोट चढवला, पाण्याच्या टँकरखाली उभे राहिले आणि तिथेच कपभर चहा मागवला. चहा संपेपर्यंत सदरा कोरडा राहिला, तेव्हा कुठे पुरवठादाराचं नशीब उघडलं. घंटागाडीचा भोंगा तर त्यांनी घरी नेऊन माडीवर लावला होता. तिसऱ्या दिवशी मामी माहेरी निघून गेल्या. मामांनी तपासणीच्या शेऱ्यात लिहिलं : आवाज पुरेसा आहे.

दोन्ही गावांनी मिळून खरेदी करायची ही कल्पना त्यांचीच. एका दुपारी स्कूटरला आडवा खराटा बांधून ते माझ्या खोलीत आले. वाटेत दोन सायकलवाल्यांना त्यांनी झाडून काढलं होतं म्हणे. बसायच्या आधीच म्हणाले, "कदम, आपली गावं दोन्ही बारकी. एकट्यानं गेलं की यापारी चहा पाजतोय. दोघं मिळून गेलं की माल दावतोय. काय म्हणतोस?" मी होय म्हणालो. पुढे दोन्हीकडे ठराव झाले. एका वर्षी निविदा आम्ही काढायची, दुसऱ्या वर्षी त्यांनी, आणि पसंत केलेला नमुना कापडी पिशवीत शिवून, लाखेचं सील लावून, निविदा काढणाऱ्याच्या कपाटात ठेवायचा, असं ठरलं. माल आला की दोघांनी मिळून नमुन्याशी ताडून पाहायचा.

त्याच सुमारास वरून 'शाश्वत खरेदी'चं परिपत्रक आलं. मी ते मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पानभर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या आईला ह्यो शब्द म्हाईत न्हवता. पण तिची परात माझी नात वापरती." त्यांचं सगळं शाश्वत धोरण एका प्रश्नात मावत असे. चकचकीत ढकलगाडी घेऊन आलेल्या विक्रेत्याला त्यांनी विचारलं, "ही मोडल्यावर कोण नीट करणार?"

"मामा, ही मोडणारच नाही."

"मग तसं लिवून द्या. आमी फ्रेम करून लावतो."

तो हसला, पण लिहून काही दिलं नाही. शेवटी आमच्याच बाजारातला सायकलवाला जिचं चाक बदलू शकेल अशी साधी गाडी घेतली गेली. त्या गाड्या अजून चालू आहेत. माल उतरवून झाला की मामा प्लॅस्टिकची वेष्टनं गोळा करून पुन्हा टेम्पोत टाकत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, "घेऊन जा गड्या. कचरा आमच्याकडं लय हाय, इकत घ्यायची गरज न्हाई."

तिसऱ्या वर्षी गटारं उपसणाऱ्यांसाठी गमबूट घ्यायचे होते. निविदा आमची होती. मामा नमुन्याचा जोड घालून आठ दिवस गटारात उतरले. नवव्या दिवशी त्यांनी तो धुऊन, वाळवून आणला, माझ्यासमोर बूट दोन्ही हातांनी वाकवून सोडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ह्ये रबर हाय. सरळ हुतंय बघ." जोड शिवून बंद झाला. पिशवी माझ्या कपाटात, लाख माझी, शिक्काही आमच्याच पालिकेचा.

माल यायला महिना होता. मध्येच ऑगस्टमध्ये नाला तुंबून बाजारपेठेत पाणी शिरलं. आमच्या मुख्याधिकारी बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कदम, भांडारात बूट आहेत का?" नाहीत म्हणायला जीभ उचलली नाही. 'आहेत' म्हणालो, पिशवी उसवली आणि नमुना पायात घालून नाल्याची जाळी मोकळी करायला स्वतः उतरलो. जाळी मोकळी झाली, पाणी उतरलं. पण चिखलात रुतलेला डावा बूट माझ्या पायातून निघाला आणि पाण्याबरोबर पुलाच्या दिशेने निघून गेला. तिथपर्यंतही मी फार वाईट माणूस नव्हतो. मामांना एक फोन केला असता तर ते दिवसभर हसले असते, मला आठवडाभर छळलं असतं आणि नवा नमुना आठ दिवस घालून दिला असता.

मी फोन केला नाही. सील फोडल्याचं उघड झालं तर खरेदी रद्द होईल, बोलणी बसतील, या भीतीने गप्प राहिलो. दोन दिवसांनी पुरवठादाराचा माणूस कशाला तरी आला. माझं तोंड बघून त्याने ओळखलंच काहीतरी. मी बोलून गेलो. तो म्हणाला, "एवढंच ना साहेब? सेम जोड उद्या आणून देतो." त्याने आणला. पण तो कोरा करकरीत होता, आणि मामांनी आठ दिवस घातलेला दिसायला हवा होता. म्हणून पन्नाशीकडे झुकलेला मी तो जोड घालून आमच्या परसातल्या चिखलात अर्धा तास नाचलो. बायको खिडकीतून पाहत होती. तिने खिडकी लावून घेतली. मग जोड धुतला, पिशवीत शिवला, सील लावलं. उरलेला उजवा बूट घंटागाडीत गेला.

माल आला तो सगळा त्या नव्या जोडासारखा. तपासणीला दोन्हीकडचे अधिकारी बसले होते. मामांनी मालातला एक बूट वाकवला. तो वाकलेलाच राहिला. नमुन्याचा वाकवला, तोही तसाच राहिला. त्यांनी वास घेतला. मग नमुन्याचा तळ उलटा करून कितीतरी वेळ पाहिला.

"ह्यो माझा जोड न्हवं," ते म्हणाले. "माझी टाच भायेरनं झिजती. ही बघा, सपाट हाय."

"आठ दिवसांत टाच झिजते व्हय मामा? चालत काश्मीरला गेलावता का?" पुरवठादाराच्या माणसाने विचारलं आणि सगळे हसले. "सील तुमच्यासमोरच लावलंय न्हवं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "कदम, पिशवी हालली न्हाई न्हवं?"

"नाही मामा," मी म्हणालो.

त्यांनी आणखी एकदा वास घेतला आणि बूट खाली ठेवला. "मग माझं नाकच म्हातारं झालं," ते म्हणाले आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, आठ दिवस न वापरता. तुझ्या शब्दावर, असं ते म्हणाले नाहीत. पण सही माझ्या शब्दावरच झाली होती.

दिवाळीच्या आधी बूट चिरले. तिकडच्या सफाईच्या बाया मामांच्या दारात चिरलेले बूट मांडून गेल्या. मामांनी पालिकेला लेखी कळवलं की तपासणीत आपली चूक झाली. शेजारच्या गावाबरोबर पुन्हा खरेदी नको, असा ठराव तिकडे झाला. दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी मोठा हार नेला होता. त्यांनी तो वाकून घालून घेतला, तेव्हा त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

या जानेवारीत कऱ्हाडच्या बाजारात मामी भेटल्या. त्या एकट्याच भाजी घेत होत्या. मी विचारलं, "मामा नाही आले? वांगं दाबून बघितल्याशिवाय ते कुणाला घेऊ देत नाहीत ना?"

"कुठलं आलंय आता," मामी म्हणाल्या. "घरात दुधाचा वास आला तरी मला हाक मारत्यात. तूच बघ, मला कळत न्हाई म्हणत्यात. बुटाचं झाल्यापासनं तसंच हाय."

मी तिथून घरी गेलो नाही, थेट त्यांच्या गावाला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं : पिशवी, नाला, परसातला नाच, टाच.

"म्हंजे त्यो जोड माझा न्हवताच?"

"नव्हता."

"आन् वास?"

"तुम्हाला आला होता तसाच. निराळा."

ते एकदम उठले आणि मामी घरी नाहीत हे विसरून आत बघून ओरडले, "ऐकलंस का गं? माझं नाक ठीक हाय!" मग खूप हसले, इतके की डोळे पुसावे लागले. हसणं थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"अहो मामा, मला माफ..." मी सुरुवात केली.

"ते ऱ्हाऊ दे. माझ्या सहीवर बायांनी त्या बुटात पाय घातलं. आधी तिथं बोलायचं. सकाळच्या हजेरीला, तुमच्या आन् आमच्याबी. मी संगं येतो."

मुख्याधिकाऱ्यांना मी लेखी दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. आमच्याकडच्या हजेरीला पहिल्या दिवशी बोललो, ते त्यामानाने सोपं गेलं. साहेब म्हणून सगळे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुलापलीकडच्या हजेरीच्या शेडमध्ये उभा राहिलो. तीसेक बाया, हातात खराटे. मामा शेजारी होते. मी बुटाचं सांगितलं.

मुकादम सुमनबाईंनी कमरेवर हात ठेवला. "बूट गटारात गेला म्हून एवढं लपवलंसा? आमाला सांगायचं. आमी त्यातनं रोज काय काय काढतोय!" शेडभर हशा झाला.

पण पुढची एक म्हातारी बाई हसली नाही. "चिखल्या झाल्यात्या बोटाबोटांत," ती म्हणाली. "रातीला पाय जमिनीवर ठेवाय येत न्हवता. आन् आमी शिव्या मामाला देत हुतो."

मामा खाली पाहत होते. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोट्यानं बोला सायेब," मागून आवाज आला. "हितं ऐकू येईना."

मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोललो. "नमुना मी बदलला. मामा खरं बोलत होते आणि मी त्यांना खोटं पाडलं. तुमच्या पायांना झालं ते माझ्यामुळे झालं, त्यांच्यामुळे नाही. बायांनो, मला माफ करा. मामा, तुम्हीही."