भिकाला मी दिलेला चुकीचा हुकूम

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता मी धुळ्याच्या दवाखान्यात दाखल झालो. भीती नव्हती. राग होता, आणि तो स्वतःवर होता.

मी फौजेच्या सिग्नल्समधला निवृत्त हवालदार. गाव नरडाण्याजवळ. नाईक भिका माझा रेडिओ ऑपरेटर, मुक्ताईनगरकडचा, घरी केळीची बाग. निवृत्तीनंतर एक दिवस त्याचा फोन आला.

"उस्ताद, फुफ्फुसात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात. काय करू?"

"छाती उघडू द्यायची नाही. चाकू लागला की कॅन्सर पसरतो."

"जी उस्ताद."

हे ज्ञान मी पारावर ऐकलं होतं. भिकानं आठ महिने झाडपाल्याच्या पुड्या खाल्ल्या. मग गाठ यकृतात गेली. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर माझ्या थुंकीत रक्त आलं. सीटी, बायोप्सी झाली; माझ्याही फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जननं कागदावर चित्र काढलं. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग. वरचा काढायचा, उरलेले काम करतील. मी चाकूचं विचारलं.

"खोटं आहे ते. वेळेत काढली नाही तर पसरते."

मला समोरचं टेबल उलथवावंसं वाटलं. भिकाला फोन केला. तो शिव्या देईल असं वाटलं.

"करून घ्या, उस्ताद," एवढंच धापा टाकत म्हणाला.

बिडी त्याच दिवशी बंद. चार आठवडे सकाळ-संध्याकाळ फुफ्फुसाच्या व्यायामाच्या, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढला, रोज स्टेशनपर्यंत चाललो. ऑपरेशन चार तास चाललं. शुद्धीवर आलो तेव्हा बरगड्यांतून नळी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फिजिओथेरपीची मुलगी आली.

"आबा, खोका."

"नाही जमत."

"कफ साचला तर न्यूमोनिया होईल. उशी छातीशी घट्ट धरा. खोका!"

खोकलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्ध्या तासानं नळीची बाटली हातात घेऊन व्हरांड्यात चाललो.

चौथ्या दिवशी चुलतभाऊ भेटायला आला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. भाऊ त्याला म्हणाला, "चाकू लागना का रोग बठ्ठा आंगमा पसरस."

मी बाटली घेऊन उठलो. "बाहेर नीघ."

"भाऊ, मी ते चांगलंच सांगी ऱ्हायनू!"

"मी बी चांगलंच सांगेल व्हतं. मानूस मरी ऱ्हायना. नीघ!"

नर्स धावत आली. म्हाताऱ्याला मी भिकाची सगळी हकीकत सांगितली. सकाळी तो ऑपरेशनला गेला.

मी घरी आलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात भिका गेला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मुक्ताईनगरला गेलो. त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, मी न कळता बोललो."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "ऑपरेशनची तारीख मिळाली होती, भाऊ. तुमच्याशी बोलणं झालं आणि त्यांनी स्वतः जाऊन रद्द केली."

नाईक भिका, सोळा वर्षं माझ्या हाताखाली. एकही हुकूम त्यानं मोडला नाही. हासुद्धा नाही.