घरात बाप्यामाणूस असेल तर

सत्य समोर आलं की माणसाच्या छातीत ऊब दाटून येते. आमच्या पंथात हे फार गांभीर्याने सांगितलं जातं. माझा त्यावर विश्वास होता, आजही पुष्कळसा आहे. अडचण एवढीच झाली की ही खूण पटवून घ्यायला मला हिवाळ्याच्या तोंडावर आयर्लंडला पाठवलं गेलं.

मी पुण्याचा, आणि मॉर्मन. या दोन गोष्टी एका माणसात सापडणं इतकं दुर्मीळ आहे की शहरातले आम्ही सगळे एका हॉलमध्ये मावतो आणि तरी मागच्या रांगा रिकाम्या राहतात. ख्रिस्ती धर्मातला हा अमेरिकेत जन्मलेला पंथ माझ्या आई-वडिलांनी मी जन्मायच्या आधी स्वीकारला. आमच्यातली मुलं विशीच्या आसपास दोन वर्षं घर सोडून प्रचाराला जातात. कुठे जायचं ते वरून ठरतं. मला आयर्लंडमधलं वॉटरफोर्ड आलं. आत्याला ही बातमी दिली तेव्हा तिने विचारलं, "पगार किती?" मी म्हणालो, "पगार नसतो, उलट आपणच खर्च करायचा." आत्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "स्वेटर घे."

कोटाच्या खिशावर काळी पाटी लावायची, त्यावर आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारा. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दाढी करायचो ती मुख्यतः आशेपोटी. माझा जोडीदार वीस वर्षांचा वडीलधारा होता, अमेरिकेतल्या बर्फाळ डोंगरांतून आलेला, सव्वासहा फूट उंच. प्रचारक नेहमी जोडीने राहतात. बाथरूम सोडलं तर एकमेकांना नजरेआड करायचं नाही, असा नियम आहे. लग्न झालेल्या माणसांनाही इतका सहवास लाभत नाही, आणि बहुतेक त्यामुळेच त्यांची लग्नं टिकतात.

"आमच्याकडे याच्या तिप्पट थंडी असते," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने दोन पायमोजे एकावर एक घातले आणि हा विषय पुन्हा काढला नाही. त्याच्याकडची थंडी कोरडी होती. वॉटरफोर्डची थंडी नदीवरून येते, बाहीत शिरते आणि तिथेच बिऱ्हाड करते.

दिवस ठरलेला असे. साडेसहाला उठायचं, प्रार्थना, व्यायाम, अभ्यास. व्यायाम म्हणजे जोडीदार जोर काढायचा आणि मी खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला पाठ लावून त्याला उत्तेजन द्यायचो. मग पांढरा शर्ट, टाय, आणि दारं. आयरिश माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "यू आर ग्रँड, लॅड्स," म्हणजे 'ठीक आहे पोरांनो, नको', असं प्रेमाने म्हणतो आणि दार लावून घेतो. आम्ही ऑक्टोबरपासून ग्रँड होतो. रविवारच्या सभेला नवीन माणूस एकही आला नव्हता. आमच्या छोट्या मंडळीचे प्रमुख टायरच्या दुकानात काम करायचे. आमच्यात पगारी पाद्री नसतात. दर शनिवारी ते फोन करून विचारत, "उद्या कोण येणार?" मी म्हणायचो, "शक्यता आहेत." मुलीकडच्यांना कळवतात तसं.

डिसेंबरात शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत, एकसारख्या घरांच्या रांगेत, एक दार उघडलं. समोर नऊवारीवर पुरुषी जाकीट आणि डोक्याला माकडटोपी घातलेल्या आजी उभ्या होत्या.

"ग्रँड," आजी म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी एवढंच होतं. त्या दार लावणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, नमस्कार."

दार थांबलं. "कुठला रं तू?"

"पुण्याचा."

"आणि ह्यो?"

"अमेरिकेचा."

"बरं बरं," आजी म्हणाल्या, जणू अमेरिका वाटेतच लागते. "मग भाईर का हुबं? आत या की. चहा टाकते."

एका दमात त्यांनी आमचे दोन नियम मोडायला काढले होते. पहिला चहाचा. आम्ही चहा-कॉफी घेत नाही. दुसरा जास्त अवघड. घरात बाई एकटी असेल आणि दुसरा प्रौढ पुरुष नसेल, तर प्रचारकाने उंबरा ओलांडायचा नाही. आजींचा मुलगा आणि सून दोघं वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, नातू शाळेत. घरात आजी आणि टीव्ही.

मी नियम समजावून सांगितला. पुण्यात समजावून सांगणं हे लहानपणापासून रक्तात भिनवतात, तरी मी घामाघूम झालो, त्या थंडीत.

आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला सत्तर सरली. आता धोका तुमच्यापासनं मला हाय, का माझ्यापासनं तुम्हाला?"

जोडीदाराने विचारलं, "काय म्हणतात?"

"नियम समजला म्हणतात," मी सांगितलं.

चहाचं प्रकरण त्यांना त्याहून लागलं. "दारू पीत न्हाई, चांगलं हाय. तंबाखू न्हाई, लई चांगलं. पण चा न पिणारं माणूस मी आज पयलं बघितलं. आजारी हाय का?" तरी त्या आत गेल्या आणि सुंठ-गूळ घातलेलं गरम दूध दोन स्टीलच्या पेल्यांतून घेऊन आल्या. जोडीदाराने पेला मुठीत धरला आणि धर्मशिक्षणात न बसणारा एक शब्द उच्चारला. मी त्याला पेला काठाला, दोन बोटांनी धरायला शिकवलं. दोन वर्षांत मी त्याला दिलेली ही एकमेव शिकवण, आणि ती त्याने लगेच आत्मसात केली.

मग हे नेहमीचंच झालं. आठवड्यातून दोन-तीनदा त्या रांगेतून जायचं, आजी दारात, आम्ही पायरीवर, मध्ये उंबरा. पाऊस आडवा यायचा. घरातली गरम हवा आमच्या कानांवरून वसाहतीत निघून जायची. संध्याकाळी मुलगा घरात शिरून म्हणायचा, "आई, घर इतकं थंड कसं?" त्यावर आजी म्हणायच्या, "तुमचा देशच थंड." मी ख्रिस्ताबद्दल बोलायचो, त्या त्यांच्या कऱ्हाडबद्दल. कऱ्हाडबद्दल बरंच जास्त बोलणं व्हायचं.

नाताळ झाला आणि आजींनी विषय काढला. जानेवारीअखेरीला त्या परत जाणार होत्या.

"हे बघ पोरा," त्या म्हणाल्या, "माझ्या दारात दोन लेकरं म्हैनाभर भिजली आणि मी त्यांना पाटावर बसवून एक घास घातला न्हाई, हे घिऊन मी इमानात बसणार न्हाई. तुझा देव एवढा कडक असंल तर मी सवता त्याच्याशी बोलते. तुझं देऊळ कुठं हाय?"

मी पुढे झालो. मला कित्येक महिन्यांत कोणी देवळाचा पत्ता विचारला नव्हता. "आजी, रविवारी याल?"

"येते. पण आधी तुम्ही माझ्या घरात यायचं. बसायचं. खायचं. मग मी येते."

हा सरळ व्यवहार होता, आणि मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या आत्म्याची काळजी कमी आणि शनिवारच्या फोनची जास्त होती. पण मुलगा आणि सून आठवडाभर कारखान्यात, शनिवार-रविवारी आमचे कार्यक्रम. "एल्डर, नियम," जोडीदार म्हणाला. तो मनापासून नियम पाळणारा मुलगा होता. मी नियम पाळायचो, पण दुसरं कोणी बघत असलं की जास्त चांगले.

जानेवारीतल्या एका सकाळी फुटपाथवर पांढरं दव गोठलं होतं. आम्ही त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतो. अचानक आजींचं दार उघडलं आणि पूर्ण वसाहतीला ऐकू जाईल असा आवाज आला:

"अरं पोरांनो! या लवकर! बाप्यामाणूस आलाय घरात!"

जोडीदार दचकला. "चोर आहे का?"

"नाही," मी पळत पळत म्हणालो. "पुरुष आहे."

घर गरम ठेवणारा बॉयलर रात्री बंद पडला होता. मुलाने कामावर जाताना प्लंबरला फोन केला होता, आणि आजी सकाळपासून खिडकीत बसून होत्या. प्लंबरसाठी नव्हे, आमच्यासाठी. आत स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटासमोर एक जाडजूड, लालबुंद गृहस्थ गुडघ्यांवर बसले होते. आम्ही आत पाऊल टाकलं. महिनाभर ज्या उबेकडे डोळे लावून आम्ही पायरीवर उभे होतो, ती नेमकी त्या दिवशी बंद होती. आत बाहेरच्यापेक्षा थोडं जास्तच गार वाटत होतं. पण आम्ही आत होतो. जोडीदाराने बूट काढले, त्याच्या पायमोज्यांचे दोन्ही थर फाटलेले होते.

आजींनी भाजणी कऱ्हाडहून आणली होती. थालीपीठ तव्यावर पडलं, त्यावर आयरिश लोण्याचा गोळा. आम्ही मान खाली घालून खात होतो. इतक्यात प्लंबर उठला, हात पुसले आणि म्हणाला, "झालं. ग्रँड."

तो निघाला तर आम्हालाही निघावं लागणार होतं. मी आजींना हे सांगितलं. आजींनी क्षणभरही घालवला नाही. प्लंबरच्या हातातली पेटी काढून घेतली, त्याला खुर्चीत बसवलं आणि पुढे थालीपीठ ठेवलं. वर चहा. तो त्याने घेतला, त्याला कसलीच आडकाठी नव्हती.

पहिलं थालीपीठ त्याने सौजन्याने खाल्लं, दुसरं आवडीने. तिसरं आलं तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं.

"मुला," तो मला म्हणाला, "हे काय चाललंय?"

मी त्याला खरं सांगितलं. घरात पुरुष हवा, नाहीतर आम्हाला बसता येत नाही.

तो जरा विचारात पडला. "मला लोकांनी पुष्कळ कामांना बोलावलंय," तो म्हणाला. "नुसतं असायला पहिल्यांदाच." आणि त्याने चौथं मागून घेतलं. रेडिएटर हळूहळू टक टक करू लागले. आजी ओट्याला टेकून आमच्या तिघांकडे बघत होत्या. माझ्या छातीत काहीतरी गरम झालं. मी त्याचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण माझी पाठ रेडिएटरला होती आणि पोटात अडीच थालीपिठं होती.

रविवारी आजी आल्या. मुलाने गाडीने आणलं, नातूही होता. आमची सभा एका जुन्या शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. आजींनी दारातच बूट काढले आणि लोकरीच्या पायमोज्यांत पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. टायरच्या दुकानातल्या प्रमुखांनी माझा हात इतका जोरात दाबला की मला वाटलं नट घट्ट करतायत. त्या दिवशी भाषण माझं होतं, विषय, छातीतली ऊब. मी बोलत होतो आणि प्रत्येक वाक्याबरोबर माझ्या तोंडातून वाफ निघत होती. समोर सगळे कोट घालून बसलेले. मग विधीतलं पाव आणि पाण्याचं ताट फिरलं, आजींनी पावाचा तुकडा उजव्या हातावर घेतला, कपाळाला लावला, अर्धा खाल्ला आणि अर्धा सुनेसाठी रुमालात बांधला. तिची त्या दिवशी कारखान्यात शिफ्ट होती.

सभा संपल्यावर प्रमुख आजींपुढे वाकले आणि मला म्हणाले, "त्यांना विचार, आज इथे त्यांना काय जाणवलं?"

मी विचारलं. सगळी मंडळी थांबली होती. मी तीन महिन्यांपासून या प्रश्नाची वाट पाहत होतो.

"थंडी," आजी म्हणाल्या. "एवढी बाप्यामाणसं हाईत हितं, आणि बंब बंद हाय हे कुणाला दिसंना? त्या थालीपीठवाल्याला बोलव की."

"काय म्हणाल्या?" प्रमुखांनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात नातू त्याच्या आयरिश इंग्रजीत म्हणाला, "तुमचं हीटिंग बिघडलंय म्हणते. प्लंबर आहे आमच्या ओळखीचा." मुलाने तिथल्या तिथे नंबर दिला.

त्याच आठवड्यात आजी कऱ्हाडला परत निघाल्या. आम्ही पायरीवरच निरोप घेतला, कारण मुलगा कामावर होता.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये शिरताच लोकांचे चेहरे बदलले. कोट उतरले. मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई डोळे पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज या खोलीत काहीतरी उतरलंय, इतकी ऊब इथे याआधी कधी जाणवली नव्हती. दोघं-तिघं आमेन म्हणाले. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं, त्याचेही डोळे भरून आले होते.

व्हॉल्व्ह अडकला होता. प्लंबरने बदलून दिला.