गाडीनं न वाचलेला पेन ड्राइव्ह

मी पेन ड्राइव्ह इतका नीट साफ केला की गाडी त्याला ओळखेचना. दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार होता. गाणी नव्यानं लावून घ्यावीत म्हणून सकाळी मी तो कॉम्प्युटरला जोडला आणि फॉरमॅट केला. फॉरमॅट करताना कॉम्प्युटर एक बारीकसा प्रश्न विचारतो, कोणत्या पद्धतीनं करू म्हणून. ऑफिसात जिथं पेन्सिलची फुली दिसेल तिथं सही करत आलेला माणूस मी. समोर आलं ते ओके केलं. मग दीड तास बसून एकेक गाणं शंभर-शंभर एमबीचं, असा सगळा ऐवज त्यात भरला. गाडीत खोचला तर पडद्यावर आलं, हे उपकरण वाचता येत नाही. काढला, फुंकर मारली, पुन्हा खोचला. तेच.

हे काढणं-खोचणं मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून करत होतो. स्टिअरिंगवर बायको होती आणि मागच्या सीटवर आई.

बायको शाळेत शिक्षिका. तिची बदली केळझरच्या पुढच्या एका गावात झाली होती आणि सोमवारी शाळा उघडणार होती. तिथं जाणारी एसटी प्रार्थना संपल्यावर पोचते. मी सोडून द्यावं तर माझी नोकरी सावंगीला, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. तेव्हा आमची जुनी छोटी गाडी तिनंच चालवत न्यायची असं ठरलं होतं. तिनं रीतसर क्लास लावला, लायसन्स काढलं, आणि क्लासचे सर म्हणाले, मॅडमचा हात चांगला आहे. तो चांगला हात आमच्या गाडीत बसला की बिघडायचा. वीस दिवस मी तिला सराव देत होतो. रोज गाडी चार-पाचदा बंद पडायची. एकदा दुसऱ्या गिअरमध्येच आम्ही थेट पवनारपर्यंत गेलो आणि बॉनेटमधून करपल्यासारखा वास आला. आज जाऊन-येऊन जमलं तर ठीक, नाहीतर महिन्याच्या ऑटोवाल्याला हो म्हणायचं, असं तिनं सकाळी पोहे परतता परतता जाहीर केलं होतं. तिला ऑटोनं जायचं नव्हतं. लायसन्स तिनं पर्समध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं होतं.

आता गाण्यांचं सांगतो. पन्नाशीच्या आसपास काही माणसं योगासनं सुरू करतात. मी हाय-रेझोल्यूशन संगीत सुरू केलं. साध्या फाइलमध्ये गाण्याचा नुसता सांगाडा असतो, खरं गाणं या मोठ्या फायलींतच असतं, असं मी कुठंतरी वाचलं आणि मला ते पटलं. नागपूरला जाऊन गाडीत नवा स्टिरिओ बसवला, चारी दारांत स्पीकर बसवले. दुकानदारानं दारांच्या आत डांबरासारखी जाड काळी शीटं चिकटवली, खालच्या पत्र्यालाही चिकटवली, आणि म्हणाला, "साहब, अब अंदर बैठोगे तो बाहर का कुछ सुनाई नहीं देगा." मला तर तेच पाहिजे होतं. त्यानंतर जो कोणी गाडीत बसेल त्याला मी तबल्याच्या शाईवर बोट घासल्याचा आवाज ऐकवू लागलो. लोक मान हलवायचे. साडूनं एकदा डोळेसुद्धा मिटले होते, पण तो जेवून आला होता.

आणि बायको शिकत असताना हे सगळं चालूच असायचं. तिच्या मनावर ताण येऊ नये म्हणून मी मुद्दाम संथ सतार लावायचो. गाडी बंद पडली की सतार चालूच, आणि वर मी, "क्लच हळू सोड, क्लच." ती म्हणायची, "क्लासच्या खटाऱ्यात मी बरोबर चालवत होती." मी म्हणायचो, त्याचा क्लच ढिला असेल.

तर त्या रविवारी सतार नव्हती. आईचा नियम असा, की गाडी सुरू झाली की आधी बुद्धवंदना. ती फाइलही त्याच पेन ड्राइव्हमध्ये अडकलेली.

"काऊन रे, आज तुयं मशीन मुकं काऊन झालं?" आईनं मागून विचारलं.

"वाचून नाई राह्यलं, आई."

"मंग मीच म्हणतो," असं म्हणून आईनं हात जोडले आणि हळू आवाजात वंदना म्हटली. संपल्यावर ती खिडकीतून कापूस बघत बसली. गाडीत कोणीच बोलेना. मी कधी पेन ड्राइव्ह, कधी स्टिरिओची बटणं असा खालमानेनंच प्रवास करत होतो. वाटेतलं सेलू कधी गेलं मला कळलं नाही.

"आली वो शाळा?" आई म्हणाली, तेव्हा मी मान वर केली. गाडी शाळेच्या फाटकासमोर उभी होती. सरळ. झाडाच्या सावलीत. वाटेत एकदाही बंद पडली नव्हती, आणि क्लच हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता.

"कसं काय जमलं?" मी विचारलं.

बायकोनं दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. "आज सतार नव्हती, तं त्या शीटांतूनबी इंजिन ऐकू येऊन राह्यलं होतं," ती म्हणाली. "सरांनी मले कानानंच शिकवलं. कण्हलं का खालचा गिअर, ओरडलं का वरचा. तुमच्या गाडीत इंजिन कुठं आहे तेच समजत नव्हतं."

"मग सांगायचं नाही का?"

"मले तरी कुठं माहीत होतं? मले वाटे, मीच ढ आहे."

ते मात्र मला लागलं. वीस दिवस एका शिक्षिकेला मी ढ ठरवलं होतं, तेही बॅकग्राउंडला सतार लावून. परतताना मी फोनवरून तरी काही लावू का म्हणालो, तर आई म्हणाली, "बस ना गप." बस स्टँडच्या गर्दीतून, ऑटोंच्या मधून बायकोनं गाडी घरी आणली. ऑटोवाल्याला फोन करून नाही म्हणून तिनंच कळवलं. सोमवारी ती एकटी गेली. मी दिवसभर सावंगीला फायली पुढे सरकवत तिच्या फोनची वाट पाहत होतो. फोन आला नाही, कारण ती वर्गात आणि गाडी चालवताना फोन हातात घेत नाही.

संध्याकाळी घराच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी पायरीवरच होतो. पेन ड्राइव्ह मी पुन्हा नीट फॉरमॅट केला होता, या खेपेला प्रश्न वाचून, आणि गाणी भरून ठेवली होती. तो मी तिच्या पुढे केला. "आता वाजते," म्हणालो.

तिनं तो घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवला. "राहू द्या महिनाभर. हात बसला का लावू," ती म्हणाली. "पण तवा तुम्ही मागं बसजा, आईजवळ."