आपलं कोणी नसलेला रस्ता

मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कंबरेचे दोन मणके स्क्रूने जोडल्यावर डॉक्टरांनी यांना आणि मला आत बोलावलं. "फिरायला न्या, पण आडवं झोपवून. बसवायचं नाही. रस्ता गुळगुळीत बघा. पायांना मुंग्या आल्या की असाल तिथून माघारी फिरा. नस दबली तर पाय जातील." याच्याहून सरळ कोण सांगणार! पण आमच्या घरात सरळ गोष्ट सरळ राहील तर शपथ.

मामांना सहस्रकुंड बघायचं होतं. इस्लापूरजवळचा तो धबधबा त्यांनी तरुणपणी पाहिलेला. पावसाळा सरत आला होता, पाणी आहे तोवर एकदा तिथं स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, एवढाच हट्ट. यांचं लातुरात फर्निचरचं दुकान, हात शिवशिवतच होते. जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली, आतल्या सीटा उपटल्या, मामांसाठी खिडकीला लागून पलंग ठोकला, जाड गादी, कडेला कठडा. मागं, पलंगाच्या पायथ्याला लागून, ओटा, त्यावर गॅसची शेगडी आणि बेसिन. गल्लीतले लोक बघून जायचे, म्हणायचे, "घरालाच चाकं लावली की हो!" हे असे फुगायचे की विचारू नका.

रस्ता खरं तर ठरवायची गरजच नव्हती. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा मोठा हायवे, पोटातलं पाणी हलत नाही. पुढं भोकर, हिमायतनगर करत इस्लापूर. पण लोह्यात माझी नणंद दिलेली. तिच्या सासऱ्यांचं दुकान आणि घर हायवेला चिकटून, आणि ते दिवसभर दारात खुर्ची टाकून बसणारे. आमची ती पांढरी हत्तीएवढी गाडी त्यांच्या नजरेतून सुटणार कशी?

आणि व्याह्याच्या दारावरून न उतरता जायची आमच्याकडं पद्धत नाही. उतरलं की चहा. चहा झाला की जेवण. मग चुलत व्याह्यांकडं चहा, त्यांच्या भावाकडं पोहे, शेवटी टॉवेल-टोपी. नाही म्हणायची सोय नाही, आणि तोवर पाय दुमडून बसून राहायचं.

"फोन करून सांगा ना," मी म्हटलं. "आजारी माणूस आहे, झोपवून नेतोय. त्यांनीच गाडीत येऊन भेटून जावं."

"हां, म्हणजे सहलीला जायला बरे आणि आमच्या दारात उतरायला आजारी. असंच म्हणतील," हे म्हणाले.

"म्हणू द्या की! ऐकून अंगाला भोकं पडतात का?"

मामा पलंगावरून सगळं ऐकून होते. म्हणाले, "मला न्हाई म्हणणार, पोरी. लेकीला म्हणतील. उठताबसता म्हणतील. कंधारवरून घ्या गाडी. तिकडं आपलं कोणीच न्हाई."

आपलं कोणीच नाही, हे त्यांनी सोयीचं म्हणून सांगितलं. मला ते ऐकून कसंसंच झालं. पण लेकीचं नाव निघाल्यावर मी सून काय बोलणार? डबे भरायला घेतले.

यांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. "कंधारचा रस्ता? हाव, लई चांगला झालाय," जो तो म्हणायचा. त्यांतला एकही त्या रस्त्यानं उताणा झोपून गेला नव्हता.

अहमदपूरपर्यंत मामा खुशीत होते. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून खिडकीतून सोयाबीन बघत होते, कुणाचं पिवळं पडलंय ते सांगत होते. अहमदपूरच्या पुढं आम्ही हायवे सोडून उजवीकडं वळलो, आणि थोड्याच वेळात डांबर संपलं. नवा रस्ता करायला जुना उखडून ठेवलेला. एका बाजूला गिट्टीचे ढीग, दुसऱ्या बाजूला काळ्या मातीची कच्ची वाट, ट्रॅक्टरच्या चाकांनी नांगरून वाळलेली. काम करणारं माणूस दिसेना की मशीन दिसेना. कपाटातली भांडी खडखडायला लागली.

"हळू रे," मामा म्हणाले. पुन्हा, "हळू." प्रत्येक आदळ्याला "हळू." हे चालत होते गोगलगायीसारखे, त्याहून हळू काय करणार?

मी मामांच्या उशाशी बसले. "मुंग्या येऊन राहिल्या का?"

"जरा जरा. डाव्या पायात."

मी पुढं वाकले. "अहो, फिरवा गाडी!"

"फिरवून काय करू?" हे ओरडले. "जितकं आलो तितकंच पुढं हाय. मागं बी हेच खड्डे!" यांचा आवाज फाटला होता. खरं तेच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. एका चहाच्या कपाला भिऊन आम्ही ह्या खाईत उतरलो होतो. लोह्याच्या त्या खुर्चीवरच्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिता यायचं नाही.

पुढं मामांचं "हळू" बंद झालं. गाडी एका मोरीवरून धाडकन उतरली, माझं डोकं खिडकीवर आपटलं, तरी ते गप्प.

"मामा, मुंग्या?"

"न्हाई. गेल्या."

"खरं सांगा."

"खरंच की. आता काहीच न्हाई. दुखत बी न्हाई. मस्त वाटून राहिलं."

"बघ!" हे पुढून म्हणाले. "उगं जीव खात होतीस." यांच्या मानेला सुटलेला घाम मला मागून दिसत होता. मलाही हायसं वाटलं. हायसं वाटायला माणूस किती टपलेलं असतं!

कंधार जवळ आल्यावर बाभळीखाली गाडी लावली. हे चाकं बघायला खाली उतरले. मामा म्हणाले, चहा टाक. मी शेगडी पेटवली, आलं ठेचून घातलं. गाडी एका अंगाला कलली होती ते माझ्या ध्यानात आलं नाही. उकळता चहा उतरवून ओट्यावर ठेवला आणि कपाकडं वळले, तेवढ्यात पातेलं घसरलं आणि सगळा चहा मामांच्या उघड्या पावलांवर सांडला.

मी किंकाळी फोडली. पावलांवरून वाफ निघत होती, कातडी डोळ्यांदेखत लाल होत होती. हे धावत वर चढले आणि दारातच थिजले. पाय जिथल्या तिथं होते, बोटसुद्धा हललं नव्हतं.

खिडकीकडं तोंड करून पडलेल्या मामांनी माझ्या आवाजानं दचकून मान वळवली.

"काय झालं, पोरी? कुणाला भाजलं?"