फ्रिजची लेव्हल

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीतला फ्रिज रॉकेलवर चालायचा. खाली टाकी, टाकीला वात, मागे धुराडं. जाळ लावून गारवा कसा होतो, हे मला नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. गावात कुणी विचारलं तर "होतो बघा" म्हणून मी सुटका करून घ्यायचे. त्या उन्हाळ्यात तर तो होतही नव्हता.

लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. गाडी जुन्या जिल्ह्याकडून आलेली, त्यामुळे दुरुस्तीवाला कुणी पाठवायचा हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मी विचारून विचारून थकले आणि विचारणं सोडून दिलं.

जळकोटच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव होतं. शेजारच्या तांड्यावर गोवर आला होता, म्हणून गावातल्या लेकरांना लस द्यायची होती. दोनदा गेलो. दोन्ही वेळा फ्रिज कोमट निघाला आणि लस फेकून द्यावी लागली. दुष्काळी कामावरची हजेरी बुडवून आलेल्या बाया लेकरं काखोटीला मारून तशाच परत गेल्या. तिसऱ्यांदाही असंच झालं तर त्या येणार नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर दुसऱ्यांदाही आले नसते.

तिसऱ्या खेपेला आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. लस उदगीरहून बर्फाच्या पेटीत आणली होती. बर्फ फार तर पहाटेपर्यंत टिकला असता, पुढचा सगळा दिवस फ्रिजवरच काढायचा होता. गावकऱ्यांनी नेहमीसारखी गाडी लिंबाच्या सावलीत लावून घेतली. गावातली तेवढीच बरी सावली, ती त्यांनी आम्हाला दिलेली. मी वात कातरली, धुराडं खरवडलं, दाराचं रबर पुसलं. आत स्वतःची पाण्याची बाटली ठेवतो म्हणून ड्रायव्हरला झापलं. जाळ चांगला निळा होता, पण आत हात घातला की तेच कोमट. शेवटी एक लाथ घातली. फ्रिजला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

एका घरून चहा आला. मी तो बशीत ओतून फ्रिजवर ठेवला, तर सगळा चहा एका कडेला जाऊन सांडला. पुसता पुसता माझा हात थांबला. फ्रिज वाकडा होता. फ्रिज कसला, अख्खी गाडीच उताराला कलली होती. फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या सूचनांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, 'लेव्हल रोज तपासा.' म्हणजे फ्रिज सपाट उभा आहे का ते पाहा, नाहीतर तो गारच होत नाही. आम्ही सगळे समजत होतो, रॉकेलची लेव्हल. रोज इमानेइतबारे टाकी काठोकाठ भरत होतो!

चाकांखाली दगड घालून पाहिले, तर गाडी आणखीच तिरपी झाली. सगळं गावच उतारावर वसलेलं. सपाट जागा एकच होती, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं खळं. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, रोवलेला. म्हातारा कडेला बसला होता. मी विचारलं, तर तो ताडकन उठलाच.

"खळ्यावर गाडी? आमी तिथं चपला घालून बी जात न्हाई, बाई."

"बाबा, फ्रिज वाकडा उभा राहतो म्हणून लस नासते. उद्या लेकरं परत पाठवायची का?"

तो तिवड्यापाशी गेला.

"मळायला तर काय बी न्हाई यंदा," असं म्हणून तो तिवडा हलवायला लागला. ड्रायव्हर मदतीला धावला, तर त्याला हात लावू दिला नाही. एकट्याने हलवून हलवून उपटला, खांद्यावर घेतला आणि घरी नेऊन ठेवला. मला फार वाईट वाटलं. पण लगेच मी ड्रायव्हरला गाडी आत घ्यायलाही सांगितलं.

बशीत पाणी घेऊन ती फ्रिजवर ठेवली आणि पाणी सगळीकडून सारखं दिसेपर्यंत ड्रायव्हरने गाडी पुढेमागे केली. "सिस्टर, सावली सोडून उन्हात फ्रिज गार होत असतो का?" तो कुरकुरला. मी वात पेटवली.

पहाटे दार उघडलं तर आतला गारवा थेट तोंडावर आला. थर्मामीटर पाहिला, पुन्हा पाहिला, आणि लस पेटीतून फ्रिजमध्ये ठेवली.

बाया आल्या. निम्म्याच आल्या, पण आल्या. खळ्याच्या कडेला चपला काढून एकेक जण आत आली. पहिल्या सुईला पहिलं लेकरू किंचाळलं, त्याचं ऐकून बाकीच्यांनी भोकाड पसरलं. म्हातारा कडेला उभा होता. खळ्यावर रडणं त्याला अशुभ वाटत असणार, म्हणून मी म्हणाले, "बाबा, आटोपतेच लवकर."

"रडू द्या, बाई," तो म्हणाला. "यंदा खळ्यावर तेवढाच आवाज हाय."

मी पुढच्या लेकराचा दंड धरला.