दारातली खुर्ची

आमच्या इथल्या अमेरिकन विद्यापीठातलं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक केंद्र आता काचेच्या नव्या इमारतीत गेलंय. जुनं केंद्र दोन खोल्यांचं होतं आणि त्याची किल्ली कुंडीखाली असते, हे शेजारच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. नव्या दाराला विद्यापीठाचं कार्ड लागतं.

दर शनिवारी वस्तीतल्या लोरेटाबाई मुलींच्या बारीक वेण्या घालायला येतात. त्यांच्याकडे कार्ड नाही. कुणीतरी आतून दार उघडतं आणि त्या तिथेच, उंबऱ्यात खुर्ची टाकून बसतात. मग दार लागतच नाही.

मी समोरच्या ग्रंथालयात काम करते; तिथून मला ती खुर्ची दिसते, आणि तिच्या डोक्यावरचा फलकही: ‘आम्ही वाढलो, समाजाशी जोडले गेलो.’ घर मोठं झालं की पूर्वीपासून येणारी माणसं बाहेर राहतात, हा माझा जुना संशय.

काल विद्यापीठाचा फोटोग्राफर आला होता. मी पुस्तकं द्यायला तिथेच होते.

“बाई, आत बसा ना. उजेड छान आहे, मागे केंद्राचं नावही येईल.”

लोरेटाबाईंनी हातातली वेणी सोडली नाही.

“फोटो काढून तुम्ही जाल हो. पुढच्या शनिवारी मला दार कोण उघडणार?”